देवघेवीची खिडकी मोबाइलवर: सार्वजनिक ग्रंथालयांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत

समाजमाध्यमांवरची आमच्या ग्रंथालयाची पहिली तीन वर्षे हार घातलेल्या तसबिरींत गेली. जयंती आली की तसबीर, हार, शेजारी ओळीने उभे राहिलेले कार्यकारी मंडळ आणि खाली ‘विनम्र अभिवादन’ एवढा मजकूर. कार्यक्रमांची छायाचित्रे वार्षिक अहवालासाठी आणि तपासणीसाठी काढावीच लागतात, त्यामुळे तीच फेसबुकवर टाकून मोकळे होणे सोयीचे पडत होते. त्या तीन वर्षांत ‘हे पुस्तक तुमच्याकडे आहे का’ असे एकानेही विचारले नाही. पुढे एका पावसाळ्यात देवघेवीच्या खिडकीशेजारची फळी मोकळी होती, म्हणून रानभाज्या, कंदमुळे आणि औषधी वनस्पती यांवरची पाच पुस्तके तेथे मांडली, त्यांचे एक साधे छायाचित्र काढले आणि सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठवले. संध्याकाळी खिडकी उघडण्याआधीच तीन पुस्तकांना मागणी आली होती, आणि त्या तीन पुस्तकांपैकी एक पुस्तक दाखल झाल्यापासून एकदाही कपाटाबाहेर गेलेले नव्हते.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवायला सांगते. समाजमाध्यमांकडून ग्रंथालयाने एवढी दोन कामे करून घेतली तरी पुष्कळ झाले. त्यासाठी मोबाइलकडे देवघेवीची दुसरी खिडकी म्हणून पाहावे. एखादा मजकूर टाकण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, हा वाचून कोणी आपल्याकडे आले, तर त्याच्या हातात आपण काय देणार आहोत? पुस्तक, दिवाळी अंक, अभ्यासिकेतली जागा, संदर्भाचा एखादा उतारा, निदान व्याख्यानाची वेळ. यांपैकी काहीच देण्यासारखे नसेल तर तो मजकूर वगळला तरी चालतो. पुढचे सगळे विवेचन महाराष्ट्रातल्या अनुदानप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या या ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्यांतली बहुसंख्य ‘क’ आणि ‘ड’ दर्जाची, म्हणजे ‘अ’ ते ‘ड’ या चार दर्जांपैकी खालच्या दोन दर्जांची, आहेत, आणि ‘ड’ दर्जाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या अंगावर असतात. त्या एका व्यक्तीला रोजच्या अर्ध्या तासात जे करता येईल, तेवढेच येथे सांगितले आहे.

खाते संस्थेच्या नावावर करावे

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते सर्वांत आधी उरकावे. माझ्या पाहण्यातल्या एका ग्रंथालयाचे फेसबुक पेज तिथल्या एका उत्साही तरुण लिपिकाने स्वतःच्या खात्यावरून उघडले होते. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेला, त्याचा जुना क्रमांक बंद झाला, संकेतशब्द कोणालाच ठाऊक नव्हता, आणि आजही त्या पेजवर ग्रंथालयाची जुनी वेळ व जुना पत्ता दिसतो. नवे पेज उघडले, तरी शोधणाऱ्याला आधी जुनेच सापडते.

हे टाळण्यासाठी कार्यकारी मंडळाच्या सभेत तीन-चार ओळींचा ठराव करून घ्यावा: ग्रंथालयाची खाती कोणती, ती कोण चालवील, आणि त्या व्यक्तीने काम सोडल्यास कार्यभार कोणाकडे जाईल. ग्रंथालयाच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल पत्ता उघडावा. शक्य असल्यास संस्थेच्या नावावर सिमकार्ड घ्यावे आणि त्याचा वार्षिक खर्च किरकोळ खर्चाच्या खाती रीतसर दाखवावा, कारण पुनर्भरण (रिचार्ज) थांबलेला क्रमांक काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देऊन टाकते आणि मग सभासदांचे निरोप परक्या माणसाकडे जाऊ लागतात. फेसबुकवर व्यक्तीच्या नावाचे खाते न उघडता पेज उघडावे. व्यक्तीच्या खात्याला 5000 मित्रांची मर्यादा असते आणि ते एकाच माणसाला चालवता येते. पेजला मात्र एकापेक्षा अधिक व्यवस्थापक नेमता येतात. ग्रंथपाल आणि कार्यवाह असे किमान दोघे तरी व्यवस्थापक असावेत. प्रत्येक खात्यावर द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे संकेतशब्दाबरोबर आणखी एक संकेतांक मागणारी सोय, सुरू करावी, त्या वेळी मिळणारे राखीव संकेतांक कागदावर छापून घ्यावेत आणि तो कागद दाखल नोंदवह्या ज्या कपाटात असतात त्याच कपाटात कुलपात ठेवावा.

ग्रंथालयाचे नाव सगळीकडे सारखेच लिहावे आणि गावाच्या नावासह लिहावे. ‘सार्वजनिक वाचनालय’ या नावाची ग्रंथालये गावोगाव आहेत. देवनागरीबरोबर तेच नाव रोमन लिपीतही द्यावे, कारण मोबाइलवर शोधताना मराठी वाचकसुद्धा पुष्कळदा रोमन अक्षरेच टंकतात. याच बैठकीत गुगल नकाशावरची ग्रंथालयाची नोंद आपल्या ताब्यात घ्यावी आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा व साप्ताहिक सुट्टी दुरुस्त करावी. नकाशा हे काही समाजमाध्यम नव्हे, पण बाहेरगावाहून गावात राहायला आलेला माणूस ग्रंथालय प्रथम तेथेच शोधतो.

व्हॉट्सॲप: ग्रुप, यादी की चॅनल

बहुतेक ग्रंथालयांनी एकाच माध्यमावर भर द्यायचा ठरवल्यास ते व्हॉट्सॲप असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला नियमित सभासद, म्हणजे निवृत्त शिक्षक, कादंबऱ्या नेणाऱ्या गृहिणी, मुलांसाठी गोष्टींची पुस्तके नेणारे पालक, तेथे आधीपासूनच आहे. त्याला कुठे बोलावून आणावे लागत नाही. मात्र व्हॉट्सॲपवर निरोप पाठवण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि ग्रंथालये नेमकी येथेच चुकतात.

पहिला प्रकार ग्रुपचा. यात प्रत्येक सदस्याचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो. सभासदाने अर्जावर क्रमांक लिहून दिला तो ग्रंथालयाला, गावातल्या पाचशे लोकांना नव्हे. महिला सभासदांना अशा ग्रुपमुळे अनोळखी लोकांचे निरोप आल्याच्या तक्रारी आमच्याकडेही आल्या, आणि त्या तक्रारी पूर्णपणे रास्त होत्या. शिवाय ग्रुप सर्वांना बोलण्यासाठी खुला ठेवला की आठवड्याभरात सुप्रभाताची फुले, औषधांचे अफलातून उपाय आणि निवडणुकीचे वाद सुरू होतात आणि नवागत पुस्तकांची यादी त्याखाली गाडली जाते. ग्रुप करायचाच असेल तर फक्त व्यवस्थापकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवावी आणि कोणालाही त्याच्या संमतीशिवाय त्यात ओढू नये.

दुसरा प्रकार प्रसारण यादीचा, ज्याला सगळे ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणतात. एका यादीत 256 जणांना घेता येते आणि प्रत्येकाला निरोप स्वतंत्रपणे, जणू फक्त त्यालाच पाठवल्यासारखा मिळतो. त्याने दिलेले उत्तरही फक्त ग्रंथालयालाच दिसते. देवघेवीच्या खिडकीसारखा व्यवहार यातच होतो, म्हणून लहान ग्रंथालयासाठी हा प्रकार सर्वांत चांगला. अडचण एकच आहे की, ज्याने ग्रंथालयाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यालाच हा निरोप पोहोचतो. म्हणून नवा सभासद अर्ज भरत असतानाच त्याला खिडकीशी उभा करून क्रमांक जतन करायला सांगावा. घरी गेल्यावर कोणी करत नाही.

तिसरा प्रकार चॅनलचा. ही सोय भारतात 2023 पासून आहे. अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत आणि संख्येची अडचण येत नाही, पण उलट उत्तर देता येत नाही. ‘अ’ दर्जाच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाने चॅनल अवश्य काढावे आणि प्रत्येक निरोपाखाली मागणी नोंदवण्याचा क्रमांक द्यावा.

व्यवसायांसाठी असलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप विनामूल्य आहे आणि ग्रंथालयाच्या क्रमांकावर तेच घालावे. ग्रंथालय बंद असताना आपोआप जाणारे उत्तर, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे आणि संभाषणांना लावायच्या खुणा या तीन सोयींनी दिवसाचा बराच वेळ वाचतो. ‘अनामत किती, वर्गणी किती, कागदपत्रे कोणती’ हे उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावे. आम्ही ‘मागणी’, ‘राखीव’ आणि ‘मुदतवाढ’ अशा तीन खुणा वापरतो. सकाळी आल्याबरोबर ‘मागणी’ची खूण असलेली संभाषणे उघडायची, पुस्तके काढायची, त्यांत सभासद क्रमांकाची चिठ्ठी घालायची आणि खूण बदलून ‘राखीव’ करायची, एवढा क्रम पाळला की गोंधळ होत नाही.

निरोप कसा लिहावा, याचा एक नमुना देतो:

‘दहावीची परीक्षा संपली. सुट्टीत मुलांना घरी करता येतील असे विज्ञानाचे प्रयोग, कागदकाम आणि पक्षिनिरीक्षण यांवरची सहा पुस्तके बालविभागाच्या पहिल्या फळीवर काढून ठेवली आहेत. छायाचित्रात पाठपट्टीवरचा क्रमांक दिसतो, तो या निरोपाला उत्तर म्हणून पाठवा. पुस्तक शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत आपल्या नावाने राखून ठेवू.’

या चार वाक्यांत विषय आहे, जागा आहे, मागणी करण्याची रीत आहे आणि मुदत आहे. मुदत नसेल तर राखीव पुस्तके महिनाभर खिडकीशेजारी पडून राहतात आणि दुसरा वाचक रिकाम्या हाताने परततो. याच जागी ‘आमच्या ग्रंथालयात विविध विषयांवरील असंख्य दर्जेदार पुस्तके उपलब्ध आहेत, वाचकांनी लाभ घ्यावा’ असे लिहिले असते, तर कोणीही आले नसते. आठवड्यातून दोन निरोप पुरेत. रोज पाठवू लागलो की लोक आवाज बंद करून ठेवतात आणि एकदा बंद केलेला आवाज पुन्हा सहसा कोणी सुरू करत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचे वाचक वेगळे

फेसबुकवर ग्रंथालयाला भेटतात ते बव्हंशी गाव सोडून गेलेले लोक. पुण्यात, मुंबईत, आखाती देशांत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला माणूस आपल्याकडून पुस्तक नेणार नाही, पण लहानपणी जेथे बसून त्याने पुस्तके वाचली ती जागा त्याला आठवते. जुनी छायाचित्रे, हस्तलिखित मासिके, शतकापूर्वीच्या सभांची इतिवृत्ते, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या हा त्याच्यासाठीचा मजकूर आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. एवढा वारसा नसला, तरी पन्नास वर्षे जुन्या कोणत्याही ग्रंथालयाच्या माळ्यावर अशा वस्तू निघतातच.

आम्ही एकदा जुन्या इमारतीच्या ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या चौघांचे छायाचित्र टाकले आणि खाली केवळ ‘यांना कोणी ओळखते का?’ एवढेच विचारले. दोन दिवसांत तिघांची ओळख पटली. एका बाईंनी तर, उजवीकडचे गृहस्थ आपले आजोबा असून त्यांच्या हातातल्या चष्म्याच्या एका दांडीला दोरा बांधलेला आहे, तो दोरा आपल्या आजीने बांधला होता, असे कळवले. मोठे करून पाहिले तेव्हा दोरा खरोखरच दिसला. आनंद झाला, पण खरे काम त्यानंतरचे होते: ही सगळी माहिती छायाचित्राच्या मागे, तारखेसह आणि माहिती देणाऱ्याच्या संमतीने, पेन्सिलीने लिहून ठेवणे आणि संदर्भ विभागाच्या नोंदवहीत उतरवणे. फेसबुकच्या प्रतिक्रियांत राहिलेली माहिती वर्षभराने शोधायला गेलात तर सापडत नाही. लोकांकडून आलेले ज्ञान संग्रहात नोंदवले जात नसेल, तर ते मिळवण्याचा खटाटोप ग्रंथालयाने का करावा?

इन्स्टाग्राम मात्र आपल्याच छपराखाली बसलेल्या वाचकासाठी वापरावे, असे मी सुचवतो. अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री दहापर्यंत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली असतात. ती ग्रंथालयात रोज येतात, पण कपाटांकडे फिरकत नाहीत. त्यांच्या हातात विश्रांतीच्या वेळी इन्स्टाग्राम असते. चोवीस तासांत नाहीशी होणारी ‘स्टोरी’ त्यांच्यासाठी उत्तम: आज अभ्यासिकेत किती जागा रिकाम्या आहेत, कोणते मासिक आले, राज्यघटनेवरचे कोणते पुस्तक परत आले. वारंवार लागणारी माहिती ‘हायलाइट’ करून वर टांगून ठेवावी. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ऑगस्ट 2018 मध्ये अख्खी अभिजात पुस्तके स्टोरीच्या पानांतून वाचायला दिली होती. तो उपक्रम जगभर गाजला. पण त्यांच्याकडे चित्रकारांची फौज होती, आपल्याकडे एकच ग्रंथपाल आहे, हे विसरून त्याची नक्कल करायला जाऊ नये. लहान रील करायचीच असेल, तर पुस्तक बांधणीचे काम दाखवावे. खळ लावणे, पाठीला कापड चिकटवणे, दाबाखाली ठेवणे हे लोक अतिशय आवडीने पाहतात, आणि पाहिल्यानंतर पुस्तकाची पाने दुमडायला जरा कचरतात.

व्याख्यानमालांची ध्वनिचित्रमुद्रणे यूट्यूबवर ठेवावीत. फेसबुकवर थेट प्रक्षेपित केलेले चित्रण आता तेथे केवळ 30 दिवस राहते, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसलेल्या संस्थांची व्याख्याने हरवली आहेत. वक्त्याची लेखी परवानगी निमंत्रणाच्या पत्रातच मागून घ्यावी. चित्र जरा अंधूक असले तर चालते, पण आवाज अस्पष्ट असला तर कोणी दोन मिनिटेही ऐकत नाही. म्हणून मोबाइल शेवटच्या रांगेत ठेवून चित्रण करण्याऐवजी वक्त्याच्या सदऱ्याला लावायचा साधा माइक विकत घ्यावा.

छायाचित्र आणि अक्षर

पुस्तकाचे छायाचित्र ट्यूबलाइटखाली काढू नये. आपण पुस्तकांना प्लास्टिकचे आवरण घालतो आणि त्यावर दिव्याची पांढरी रेघ उमटून नेमके लेखकाचे नाव झाकले जाते. सकाळच्या वेळी खिडकीजवळ, पुस्तक भिंतीला किंचित टेकवून आणि उजेड बाजूने येईल असे ठेवून काढलेले चित्र पुरेसे चांगले येते.

मजकुराच्या बाबतीत अधिक काळजी हवी. गावातल्या डीटीपीवाल्याकडून सुंदर फलक करून घ्यायचा आणि तेवढाच चिकटवायचा, ही सर्वत्र दिसणारी सवय आहे. फलकातली अक्षरे म्हणजे चित्र असते. शोधयंत्राला ती भरवशाने वाचता येत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइललाही ती नेहमी नीट बोलून दाखवता येत नाहीत. म्हणून फलक टाकला तरी त्यातली सगळी माहिती खाली युनिकोड मराठीत, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टंकावी. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकांतला (फॉन्टमधला) मजकूर थेट उचलून डकवला की तो निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. ज्यांना टंकलेखन अवघड वाटते त्यांनी मोबाइलच्या कळफलकावर मराठी निवडून बोलून मजकूर उतरवावा. फक्त लेखकांची आणि प्रकाशकांची नावे डोळ्यांखालून घालावीत, कारण बोललेली आडनावे यंत्राला हमखास चुकतात. शुद्धलेखनासाठी सभासदांपैकी एखाद्या निवृत्त मराठी शिक्षकांची मदत मागावी. ग्रंथालयाच्या निरोपातली चूक लोक लक्षात ठेवतात आणि ते योग्यच आहे.

जे टाकू नये ते

पुस्तकांच्या पीडीएफ पाठवू नयेत. सभासद आग्रह धरतात, टेलिग्रामवर ती सहज मिळतात, आणि ‘वाचनसंस्कृतीसाठीच तर करतो’ असा युक्तिवाद तयार असतो. तरीही ज्या लेखक-प्रकाशकांच्या जिवावर आपली कपाटे भरतात त्यांच्याच पोटावर पाय देण्याचे काम ग्रंथालयाने करता कामा नये. वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्यांनाही हेच लागू आहे. ‘दैनिक जागरण’च्या प्रकाशकांनी 2020 मध्ये टेलिग्रामविरुद्ध दावा केला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने अशी चॅनले हटवण्याचा आणि ती चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा अंतरिम आदेश दिला होता.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. हिशेब सोपा आहे. केशवसुत 1905 मध्ये गेले, त्यामुळे त्यांची कविता पूर्ण देण्यास अडचण नाही. साने गुरुजींचे निधन जून 1950 मधले. त्यांचे साहित्य 1 जानेवारी 2011 पासून मुक्त झाले. कुसुमाग्रज मात्र 1999 मध्ये गेले आणि त्यांच्या साहित्यावरील हक्क 2059 च्या अखेरपर्यंत आहे. दर 27 फेब्रुवारीला, त्यांच्याच जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने ग्रंथालये त्यांच्या अख्ख्या कविता फलकावर छापून फिरवतात, ही गंमत आहे आणि थोडी खंतही. परीक्षणाच्या ओघात चार ओळी उद्धृत करण्यास कायद्यात वाव आहे. तेवढ्या द्याव्यात आणि संग्रह कोणत्या फळीवर आहे ते सांगावे. मुक्त झालेल्या पुस्तकाचा नवा अनुवाद किंवा नव्या संपादकाची प्रस्तावना यांवर स्वतंत्र हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे.

कोणी कोणते पुस्तक नेले, हे कोठेही उघड करू नये. ‘या महिन्याचे उत्कृष्ट वाचक’ असे चित्र लावायचे असल्यास त्या व्यक्तीला विचारून लावावे आणि पुस्तकांची नावे तिने सांगितली तरच लिहावीत. आजारावरची, घटस्फोटाच्या कायद्यावरची, व्यसनमुक्तीवरची पुस्तके लोक आपल्या विश्वासावर नेतात. एका ग्रंथालयात पुस्तके परत न करणाऱ्यांची यादी, नावे आणि थकलेल्या दंडासह, सर्वांच्या ग्रुपवर टाकली गेली होती. पुस्तके परत आली खरी, पण त्या यादीतल्या बहुतेकांनी अनामत काढून घेतली, आणि एका गृहस्थांची तर त्या काळात रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेली होती. स्मरणपत्र ज्याचे त्यालाच, वैयक्तिक संदेशातून आणि सौम्य शब्दांत पाठवावे.

बालविभागाच्या कार्यक्रमांत मुलांचे चेहरे जवळून दाखवण्याचा मोह आवरावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानले असून त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. सभासदत्वाच्या अर्जातच पालकांच्या सहीची एक ओळ वाढवावी. तोपर्यंत पाठमोरी मुले, पुस्तकावर टेकलेली बोटे, गोष्ट सांगणाऱ्या ताईंचा चेहरा यांवर भागते, आणि चित्रेही त्यामुळे अधिक चांगली येतात.

प्रतिक्रियांत वाद उभा राहिल्यास संस्थेच्या नावाने कोणतीही बाजू घेऊ नये. अमुक लेखकाचे पुस्तक का ठेवता, या प्रश्नाला ‘ग्रंथनिवड समितीने ते घेतले असून ते वाचकांसाठी उपलब्ध आहे, आपली पुस्तकमागणी मागणीवहीत अवश्य नोंदवावी’ एवढेच उत्तर पुरे. शिवीगाळ असेल तर ती काढून टाकावी, टीका असेल तर राहू द्यावी.

दिवाळी अंकांचा मोसम

वर्षभरात समाजमाध्यमांचा सर्वांत जास्त उपयोग कधी होत असेल, तर तो दिवाळीनंतरच्या चार महिन्यांत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला लागलेली ही ओढ अजून ओसरलेली नाही, आणि दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी अनेक ग्रंथालयांच्या वार्षिक खर्चाला मोठा हातभार लावते. अंक एकदम येत नाहीत. काही दसऱ्याच्या आधी, काही ऐन पाडव्याला, काही दिवाळी सरून गेल्यावर येतात. वाचक मात्र रोज खिडकीशी येऊन ‘तो आला का?’ असे विचारतो. म्हणून आम्ही नवरात्रात योजनेची नोंदणी व्हॉट्सॲपवर सुरू करतो आणि त्यानंतर दर दोन दिवसांनी फक्त त्या दोन दिवसांत दाखल झालेल्या अंकांची मुखपृष्ठे एका चौकटीत मांडून पाठवतो. खाली प्रत्येक अंकातल्या एका लेखाचा विषय एका ओळीत लिहितो. या एका ओळीसाठी अंक चाळावा लागतो, वेळ जातो, पण कोणाला ठाऊक नसलेल्या लहान गावातल्या अंकालाही त्यामुळे मागणी येते. ज्या अंकावर प्रतीक्षायादी लागली असेल त्याचे पुन्हा कौतुक करू नये. नाहीतर वीस लोक एकाच अंकाच्या मागे लागतात आणि बाकीचे साठ अंक तसेच राहतात.

कामाची मोजदाद

पसंतीच्या अंगठ्यांवर विसंबू नये. गुलाबाच्या फुलाच्या चित्राला ग्रंथालयाच्या पेजवर भरपूर अंगठे मिळतात. देवघेवीच्या नोंदवहीत शेरा लिहिण्याचा जो रकाना असतो, त्यात समाजमाध्यमांवरून मागणी आलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ‘मो.’ असे लिहावे. संगणकावर देवघेव करणाऱ्यांनी तशी खूण शेऱ्याच्या जागी घालावी. महिन्याच्या शेवटी या खुणा मोजायला दहा मिनिटे लागतात. कोणत्या दिवशी पाठवलेल्या निरोपाला मागणी आली, कोणत्या विषयाला अजिबात आली नाही आणि कपाटात वर्षानुवर्षे बसून राहिलेली किती पुस्तके या निमित्ताने बाहेर पडली, हे त्यातून कळते. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी पाठवलेल्या निरोपाला रविवारच्या निरोपापेक्षा अधिक मागणी येते, कारण शनिवारी बाजाराला येणारे लोक येता-येता पुस्तक बदलून नेतात. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो त्यावर तुमचा वार ठरेल. ही मासिक आकडेवारी कार्यकारी मंडळाच्या सभेपुढे ठेवावी आणि वार्षिक अहवालात तिला अर्धे पान द्यावे. तसबिरींच्या छायाचित्रांसाठी उरलेले अर्धे पान आहेच.